केळी, फोटो आणि नववी ब

ताईंना सप्रेम नमस्कार,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका ख्रिस्ती शाळेत शिकवते. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण बहुतेक पोरं घरी मराठी बोलणारी. काही कन्नड, काही कोकणी घरांतली. तीन वर्षांपूर्वी फादरांनी समाजसेवेचा तास माझ्याकडे दिला. वेळापत्रकात त्याचं नाव ‘युवा नेतृत्व’. वर्षाला चार कार्यक्रम ठरलेले: वृद्धाश्रमात फळवाटप (हे दोनदा होतं), गावात स्वच्छता फेरी, पावसाळ्यात रोपं लावणं आणि नाताळच्या आधी कपडेवाटप. प्रत्येकाचे फोटो आणि एक पानी अहवाल ऑफिसात द्यायचा.

तीन वर्षं बघतेय, पुढे असतात ती तीच तीन-चार मुलं. इंग्रजी चांगलं, माइकची भीती नाही. बाकीची चाळीस केळ्यांच्या पिशव्या धरून रांगेत. नववी ब मध्ये एक मुलगी आहे, सकाळी घरोघर दूध घालून शाळेला येते. वर्गात तोंडातून शब्द निघत नाही. गेल्या खेपेला वृद्धाश्रमात सगळे फोटोला उभे राहिले तर ही दिसेना. शोधलं तर एका आजीच्या खाटेवर बसून तिची नखं कापत होती. नेलकटर घरून आणलं होतं. अहवालात मी हे लिहिलं नाही. कुठल्या रकान्यात लिहायचं तेच कळलं नाही.

दुसरं, एका मुलाचे वडील शाळेत येऊन सरळ म्हणाले, “सेवेच्या नावानं आमच्या पोराला चर्चच्या नादाला लावायलायसा काय?” मी स्वतः हिंदू. काय बोलावं सुचलं नाही. स्टाफरूममध्ये म्हणतात, दहावी तोंडावर आली, ही थेरं कशाला? आणि स्वच्छता फेरीला एका गावात गेलो तर कन्नड मुलं एका अंगाला, मराठी दुसऱ्या अंगाला अशी उभी राहिली की मलाच कसंतरी झालं.

या तासातून खरंच कुणी घडतं का, ताई? की मी नुसती केळी मोजतेय?

— नववी ब ची वर्गशिक्षिका

*

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या नेलकटरपाशी अडले.

नेलकटर दप्तरात घेऊन कुणी फिरत नाही. म्हणजे ही पोर आधीच्या खेपेला गेली होती, तेव्हा आजीची नखं वाढलेली तिनं बघितली होती, कदाचित चादरीच्या दोऱ्यात अडकतानाही बघितली असतील. ते मनात ठेवून ती घरी गेली. मधे कितीतरी आठवडे गेले, दुधाच्या बरण्या गेल्या, चाचणी परीक्षा गेली. परत जायची तारीख कळली तेव्हा तिनं घरातून नेलकटर उचललं. तुम्हाला विचारलं नाही, मैत्रिणीला सांगितलं नाही. आणि म्हाताऱ्या माणसाची नखं कापणं सोपं नसतं हो. ती जाड होतात, पिवळी पडतात, आत वळतात. जरा चुकलं की रक्त. आमच्या सासूबाईंची कापायची तर मी आधी त्यांचे हात कोमट पाण्यात ठेवायची, तरी त्या हात आखडून घ्यायच्या. त्या आजीनं अनोळखी पोरीच्या हातात हात दिला. यात किती काय आलं, बघा.

तुम्ही विचारताय या तासातून कुणी घडतं का. ही घडलीच आहे, आणि तुमच्या तासानं तिला अडवलं नाही एवढं श्रेय तुम्ही घ्या. प्रश्न बाकीच्या चाळिसांचा आहे.

मी ख्रिस्ती नाही, पण सत्तावीस वर्षं मिशनच्या शाळेत काढली. रोज सकाळची प्रार्थना कानावर पडून शुभवर्तमानातल्या गोष्टी मला हरिपाठाइतक्या पाठ झाल्या. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूला हळूच जाऊन सांगतात, तुझं राज्य येईल तेव्हा आम्हा दोघांना एक उजवीकडे, एक डावीकडे असं बसव. बाकीच्या दहा शिष्यांना हे कळतं तेव्हा ते भडकतात. (मला कायम वाटत आलंय, यांनी आपल्या आधी विचारलं म्हणून भडकले.) तेव्हा येशू सांगतो, बाहेर राज्य करणारे लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं चालायचं नाही, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. तुमच्या तासात नेतृत्व आणि सेवा एकत्र आलेत ते इथून. पण पुढं आपण शाळांनीच उजवी-डावी खुर्ची परत आणून मांडली. कॅप्टन, व्हाइस कॅप्टन, बिल्ला, माइक.

आता माझी फजिती सांगते. नव्वदीतली गोष्ट आहे. शाळेचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. आठवीची पोरं घेऊन आम्ही मलप्रभेच्या काठच्या एका गावात आठ दिवसांचं शिबिर लावलं. काय करायचं ते मी आणि आमचे एक सर स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ठरवून निघालो होतो: शोषखड्डे. सांडपाणी वाटेवर येतं, डास होतात, म्हणून मोरीपाशी खड्डा खणायचा, तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. पुस्तकात अगदी बरोबर होतं. पोरांनी हाताला फोड येईतो खणलं. नऊ खड्डे झाले. शेवटच्या दिवशी नारळ फुटला, हार झाले, फोटो झाले. माझ्या घरी अजून आहे तो फोटो.

दिवाळीनंतर सहज त्या गावी गेले. सात खड्ड्यांत केर. आठव्यात कोंबडीची पिल्लं पडतात म्हणून फळी टाकलेली. नवव्या खड्ड्याच्या मालकिणीनं मला आत बोलावून चहा दिला आणि म्हणाली, “पोरं लई गुणी हुती बाई तुमची. पण तेवढं खणलं त्यात आमच्या विहिरीची वाट झाली असती. पावसात दोघी घसरून पडलो.” मी म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलं? ती म्हणाली, “तुम्ही इचारलं कुठं?”

आणि शोषखड्ड्याचं म्हणाल तर त्या भागात पावसाळ्यात जमीनच पाण्यानं तुडुंब असते. खड्ड्यातलं पाणी मुरणार कुठं? हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्ही शिकलेली माणसं गेलो होतो.

पण मला खरा चटका लागला तो आमच्या मुलांच्या बाजूनं. आठ दिवसांत ती काय शिकली? बाई ठरवतात, आपण खणायचं. त्यांच्यातल्या एकानंही मला विचारलं नाही की इथंच का, हेच का. कारण विचारायची जागा मी ठेवलीच नव्हती. अशा शिबिरातून चांगले मजूर तयार होतील फार तर.

तेव्हा पहिलं काम हे करा: चारपैकी तीन कार्यक्रम बंद करा. फादरांना सांगा, यंदा एकच काम, एकाच जागी, वर्षभर. ते काम कुठलं हे तुम्ही ठरवायचं नाही आणि फादरांनीही नाही. शाळेपासून चालत जाता येईल अशी एक गल्ली किंवा वाडी निवडा. जूनमध्ये मुलांना तीन-तीनच्या गटांनी तिथं न्या, हातात काही न देता. केळी नाहीत, वही नाही, बॅनर तर नाहीच. जायचं, बसायचं, बोलायचं, काय अडतंय ते ऐकून यायचं. पहिल्या दोन खेपांना लोक तुम्हाला विचारतील, “काय वाटायला आलाय?” विचारू देत. तिसऱ्या खेपेला खरं बोलणं सुरू होतं.

त्यातून काय निघेल ते मी सांगू शकत नाही. एक शक्यता मात्र सांगते, कारण ती बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत माझ्या डोळ्यांसमोर घडली. शेजारी एक विणकर आजी राहते. तिच्याकडे एक कॅरीबॅग आहे, त्यात तिचे सगळे कागद: हेस्कॉमची विजेची बिलं, बँकेच्या स्लिपा, रेशनकार्ड, कुठल्या कुठल्या नोटिसा. सगळं कन्नडात, आणि आजीला मराठीसुद्धा सही करण्यापुरतं. एक कागद आला, तो तिनं तीन आठवडे देवाच्या फोटोमागं दडवून ठेवला. तिला वाटत होतं सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार बंद झाले, म्हणून ती सुनेशीही बोलेना. पलीकडच्या घरातला आठवीचा मुलगा चेंडू शोधायला आला, त्यानं तो कागद वाचला. रेशनकार्डाची ई-केवायसी करून घ्या, एवढंच होतं त्यात. मुलगा मराठी शाळेतला; कन्नड त्याला विषय म्हणून आहे, मार्क यथातथा. पण त्या दिवशी आजीच्या दारात तो तहसीलदारापेक्षा मोठा झाला. दुसऱ्या दिवशी तीन म्हाताऱ्या आपापल्या कॅरीबॅगा घेऊन त्याच्या दारात.

आपल्या सीमाभागातल्या पोरांना दोन भाषा वाचता येतात, तुमच्या शाळेत तर तीन. आपण ते त्यांच्यावरचं ओझं म्हणून मोजतो, क्लास लावतो, रडतो. गल्लीत मात्र ती मोलाची वस्तू आहे. तुमच्या पोरांना असं काही सापडलं तर सापडू दे. मी सुचवलं म्हणून करायला लावलंत तर तो माझा दहावा शोषखड्डा होईल.

कागद वाचायचं काम निघालंच तर चार गोष्टींत मात्र तडजोड करू नका. ओटीपी कुणाचा विचारायचा नाही, सांगितला तरी ऐकायचा नाही. अंगठा-सहीच्या जागी मुलांनी बोट लावायचं नाही. कागद घरी न्यायचा नाही. आणि वाचलेलं बाहेर बोलायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण कुणाच्या सोसायटीच्या कर्जाची नोटीस चौदा वर्षांच्या मुलाच्या पोटात टिकणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण ते टिकवायला लागणं हेच त्या मुलासाठी वर्षभरातलं सगळ्यात मोठं शिक्षण ठरेल. माझ्या अनुभवात मुलं यात मोठ्यांपेक्षा पक्की निघतात, आधी विश्वासानं सांगितलं तर.

कन्नड-मराठीचं. १९५६ पासून आपण या वादात जन्मतोय आणि म्हातारे होतोय. तो तुमच्या तासाला सुटणार नाही आणि तुमच्या तासानं तो अंगावर घ्यायचीही गरज नाही. मुलं दोन अंगांना उभी राहिली कारण काम असं होतं की एकाला दुसऱ्याची गरजच नव्हती. झाडू मारायला भाषा लागत नाही. पण कन्नड कागद मराठी आजीला समजावून सांगायचा असेल तर एक कन्नड घरातलं आणि एक मराठी घरातलं मूल अशी जोडी लागते. एकानं अर्थ काढायचा, दुसऱ्यानं तो आजीच्या बोलीत बसवायचा. कन्नड आजीकडे गेलं की उलट. तुम्ही ऐक्यावर भाषण देऊ नका. जोड्या पाडा आणि बाजूला व्हा.

पुढची पायरी नोव्हेंबरच्या सुमाराला आपोआप येते. कर्नाटकात ग्रामपंचायतीनं दरवर्षी मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती भाषण, गाणं आणि बिस्किटपुड्यावर उरकते. तुमच्या मुलांनी तिथं एक प्रश्न घेऊन जावं. एकच. समजा वाटेवरचे दिवे बंद आहेत आणि संध्याकाळच्या बसनं येणाऱ्या मुलींना अंधारातून यावं लागतं. तर आधी मुलांनी खांब मोजायचे, कुठल्या खांबावर दिवा नाही ते लिहायचं, चार दिवस संध्याकाळी मोठ्या माणसाबरोबर जाऊन खात्री करायची, अर्ज कन्नडात लिहायचा, आणि दिल्यावर पोच घ्यायची. पोच म्हणजे काय हे नववीच्या मुलाला माहीत नसतं. शिक्का मारलेली ती प्रत हातात आली की पोरांचे चेहरे बघा तुम्ही.

सभेत पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, प्रश्न टोलवतील, “बघू, वरून फंड आला की करू.” त्या वेळी तुमची जीभ शिवशिवेल. गप्प बसा, अगदी जीभ चावून बसा. तुम्ही बोललात की प्रश्न तुमचा झाला, मुलांचा राहिला नाही. एखादं पोर अडखळत का होईना विचारेल, “साहेब, कधीपर्यंत?” आणि नाही विचारलं तर परतीच्या वाटेवर तीच आपसात भांडतील की तू का नाही बोललास. ते भांडण ऐका. मी अशा भांडणांतून जेवढं घडताना पाहिलं तेवढं कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात पाहिलं नाही.

पैशाचंही सांगून टाकते. शाळेकडून वर्षाचे पाचशे रुपये मागून घ्या आणि मुलांच्या हातात द्या. वही त्यांची, हिशेब त्यांचा. चुकू द्या. आमच्या मुलांनी एकदा पाचशेतले एकशे ऐंशी वडापावात घातले. मला कळलं तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही (ते मला किती जड गेलं हे आमच्या ह्यांना विचारा), नुसती वही उघडून टेबलावर ठेवली. तासभर शांतता. मग एक मुलगी म्हणाली, दर आठवड्याला प्रत्येकी एक रुपया भरूया. दिवाळीपर्यंत फेडले त्यांनी. त्या मुलीला कुणी खजिनदार नेमलं नव्हतं. त्या दिवसापासून सगळे तिलाच हिशेब दाखवायला लागले.

तुमच्या त्या तिघा-चौघांवर रागावू नका. माइकची भीती नसणं हाही गुणच आहे. त्यांना एक काम द्या: दर महिन्याला एका न बोलणाऱ्या मुलाला चार वाक्यं बोलायला तयार करायचं आणि ते बोलताना स्वतः मागं बसायचं. पहिल्या महिन्यात ती कंटाळतील. एखाद्याला ते जमलं तर तो तुमचा सगळ्यात तयार गडी. गटाचं काम कुणी बघायचं ते दर पंधरवड्याला बदलू दे, चिठ्ठ्या टाकून. आपल्याकडं चिठ्ठीवर कुणी रुसत नाही.

आता त्या वडिलांचं. तुम्ही त्यांच्या घरी जा. शाळेत बोलावू नका, शाळेत पालक नेहमी कठड्यापलीकडचा असतो. चहा घ्या आणि त्यांना सरळ सांगा की त्यांचा प्रश्न वावगा नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमातच आहे: सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, त्याची स्वतःची, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मग हे कागदावर आणा. सेवेच्या तासाला प्रार्थना नाही, कॅलेंडर-तसबिरी-पुस्तिका वाटणं नाही, कुठं जाणार आणि किती वाजता परत येणार ते आदल्या आठवड्यात घरी कळवणार. आणि हे नुसतं त्यांना समजवण्यापुरतं नको, खरोखर पाळा. फादरांनाही हेच सांगा. ज्या घरात आपण मदतीला जातो ते घर अडचणीत असतं. अडचणीतल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही. तिथं आपला देव पुढं करणं बरं दिसत नाही, कुणाचाही देव असो.

ते गृहस्थ अजून घुटमळले तर मी असते तर दोन गोष्टी बोलले असते. एक, या शाळा आपल्याकडं काल उगवलेल्या नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० ला सुरू झालं, कॅम्पातलं सेंट पॉल्स १८५६ चं. तिथून लिंगायत, जैन, मराठा, मुसलमान घरांतल्या पिढ्या शिकून गेल्या आणि आपापल्या घरीच राहिल्या. दुसरं, सेवा ही काही चर्चनं आणलेली गोष्ट नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्यांनी पाहिली असेलच. १९२४ च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकुलतं एक. त्या तळावर भंगीकाम करायला स्वयंसेवकांचं पथक होतं आणि त्यात ब्राह्मण पोरांनीही ते स्वतःच्या हातानं केलं. शंभर वर्षांपूर्वी! तेव्हाही काही घरांतून आरडाओरडा झालाच असणार. मला वाटतं ते वडील हसतील. नाही हसले आणि मुलाला पाठवायचं नाहीच म्हणाले, तर मुलाला पाठवू नका. त्याला शाळेतच हिशेबाच्या वहीचं काम द्या, आणि त्याच्यासमोर वडिलांबद्दल कुणी काही बोलणार नाही ते बघा.

फादरांची समजूत काढणं तुम्हाला जड जाईल असं पत्रावरून वाटतं. ‘फळवाटप बंद’ म्हटलं की कार्यक्रम गेला असं त्यांना वाटेल. तर त्यांच्याच घरातला दाखला द्या. १९७३ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात जेझुइटांचे (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) त्या वेळचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी आपल्याच शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. आमच्या शिक्षणाचा हेतू इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हा आहे, असं म्हणाले. आणि पुढं स्वतःच विचारलं, तुम्हाला आम्ही न्यायासाठी शिकवलं का? उत्तरही स्वतःच दिलं: प्रामाणिकपणे सांगायचं तर, नाही. समोर बसलेल्या बड्या घरांतल्या लोकांना ते सोसलं नाही. पण आज जगभर जेझुइट शाळांच्या भिंतीवर त्यातलं वाक्य असतं. तुमचे फादर कुठल्या संघाचे मला माहीत नाही, तरी हे भाषण त्यांना ठाऊक असणार. तुम्ही नाव काढलंत तर खूशही होतील.

फोटोंचं म्हणाल तर मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, बस. केळं हातात घेऊन उभ्या म्हाताऱ्याच्या जागी स्वतःचे वडील उभे करून बघा. पोच घेतलेल्या अर्जाचा काढा, दिवा लागलेल्या खांबाचा काढा. अहवाल मुलांच्या वह्यांतून उतरवा: कुणाकडं गेलो, त्यांनी काय सांगितलं, आम्ही काय केलं, काय जमलं नाही. चौथा रकाना रिकामा ठेवायची परवानगी नाही, असा नियम करा. मग नेलकटर कुठल्या रकान्यात बसतं तेही कळेल.

दहावीवाल्यांना उत्तर सोपं आहे. दहावीच्या मुलांना डिसेंबरनंतर सोडा, नववी पुढं नेईल. आठवड्याला एक तास आहे, त्यानं कुणाचं एसएसएलसी बुडत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही ते करतच असाल: मुलं कधीही एकटी कुणाच्या घरात जाणार नाहीत, प्रत्येक फेरीला दोन मोठी माणसं आणि त्यात एक बाई, दार उघडं, अंधारापूर्वी परत. पालकांची सही. मुलीनं ‘त्या घरी मला नको’ म्हटलं तर कारण न विचारता तिला दुसरीकडं द्या, आणि कारण नंतर, एकटीला, हळू विचारा. लांब जायचं तर मुलींना कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेत सरकारी बस फुकट आहे. मुलग्यांचं तिकीट मात्र पाचशेतून जाईल, आणि यावरून वर्गात एक चांगला वाद होईल. होऊ द्या.

राहिली ती मुलगी. तिला स्नेहसंमेलनात व्यासपीठावर बोलावून शाल देऊ नका हो, हात जोडते. ती पुन्हा नेलकटर आणणार नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. जन्म आपल्याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला, १८५८ चा. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या, त्या केडगावला वसवल्या, आणि आधीपासूनच्या मोठ्या मुलींच्या हाती नव्या आलेल्या लहानग्या सोपवल्या. न्हाऊ घालायचं, भरवायचं, रात्री उठायचं. कालपर्यंत जिला कुणी सांभाळत होतं ती आज सांभाळणारी झाली. तुमच्या पोरीलाही असंच एक माणूस द्या. सातवीतली एखादी मुलगी पुढच्या खेपेला तिच्याबरोबर पाठवा, आणि म्हणा, “हिला घेऊन जा.” काय शिकव ते सांगू नका.

आणि एक. ते नेलकटर घरातलं एकच असेल तर पुढच्या खेपेला तिला आईची बोलणी बसतील. पाचशेतून एक नवीन घ्यायचं का, हे मुलांच्या बैठकीत ठेवून बघा. म्हाताऱ्यांच्या नखांना जरा मोठं लागतं, मेडिकलमध्ये मिळतं.

— तुमची ताई